एका कौलात दोन प्रश्न

यंदा भाऊबीजेला माझ्या धाकट्या भावानं मला साडी दिली नाही. नदी दिली. ओवाळून झाल्यावर ताटात एक छापील कागद टाकला आणि म्हणाला, "ताई, उद्या तुला नि भावोजींना काजळी नदी दाखवतो. उगमापासून मुखापर्यंत. डोंगर ते दर्या!" कागदावर एक हिरवा डोंगर, एक निळी रेघ आणि एक नारळ होता. नारळ डोंगरापेक्षा मोठा होता. मी उभी हयात शाळेत भूगोल शिकवला. असा नकाशा एखाद्या पोरानं काढला असता तर त्याला बाकावर उभा केला असता. पण इथं पोरगा पंचेचाळिशीचा, दिवस भाऊबीजेचा, आणि आमचे हे आधीच "वा, झकास!" म्हणून मोकळे झालेले. मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

आता ही ओवाळणी काही साधी नव्हती. माझा भाऊ सतरा वर्षं आखातातल्या एका बंदरात टगवर होता. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी छोटी बोट, आणि हा तिचं इंजीन सांभाळायचा. वर्षातून एक महिना घरी, बाकी तिकडं. दोन वर्षांपूर्वी "आता पुरे" म्हणून नदीच्या मुखाशी, भाट्याच्या घरी परत आला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकामागून एक धंदे उगवतायत. हा नदीचा धंदा सगळ्यांत ताजा: पर्यटकांना गाडीत घालून आंबा घाटात न्यायचं, उगम दाखवायचा, मग नदीच्या कडेकडेनं खाली आणायचं, शेवटी होडीत बसवून खाडीतून भाट्याच्या किनाऱ्यावर उतरवायचं आणि तिथं जेवू घालायचं. ऐकायला कुणालाही आवडेल. आणि नेमका याच आठवड्यात मुंबईच्या एजंटचा फोन आला होता. जुन्या कंपनीला हा परत हवा होता आणि हो की नाही ते भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

भावानं स्वतःच पैज लावली. "उद्या तुम्ही माझे पहिले पाहुणे. तुम्हाला चारच्या आत भाट्याला पोचवलं, तर एजंटला नाही म्हणून सांगतो. नाही पोचवलं, तर बॅग भरतो." माझी भावजय तेव्हा पानात करंज्या वाढत होती. तिनं वाढून झाल्यावर ताट उचललं आणि आत गेली. तिचा स्वतःचा आमसुलांचा आणि कोकम सरबताचा छोटा धंदा आहे आणि तो, सांगायला बरं वाटतं, चालतो.

माझं मत मी तिथल्या तिथं सांगून टाकलं. जा परत. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याला "नाही" म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्यानं लोकांना ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी पोचवण्याचा धंदा करू नये. बोटीवर भोंगा असतो, साहेब असतो, तिथं तो वेळेवर असायचा. जमिनीवर त्याला कधी कुणी वेळेवर आलेला पाहिलेलं नाही. आमचे हे म्हणाले, "अगं, उद्या तरी बघ." तहसील कचेरीत नोकरी करून माणसाला उद्यावर किती विश्वास बसतो, ते यांच्याकडं बघून कळतं.

पाचला निघायचं ठरलं होतं. गाडी आली साडेसहाला. शेजारच्या काकूंना एसटी स्टँडवर सोडून आलो, म्हणाला. मी नुसती पिशवी उचलली. दिवस लांब होता, दारूगोळा जपून वापरायचा होता.

साखरपा मागं टाकून घाट चढायला लागलो तशी मात्र माझी जीभ आपोआप थांबली. पाऊस जाऊन फार दिवस झाले नव्हते. दरीतून धुकं वर येत होतं, झाडांच्या बुंध्यांवर बोटभर शेवाळ, आणि ज्या कड्याकडं बघावं तिथून पाण्याची एक पांढरी धार सुटलेली. एका वळणावर भावानं गाडी थांबवली आणि खाली बोट दाखवलं. सगळं खोरं उघडं पडलेलं होतं. जंगल, मग भाताची पिवळी खाचरं, मग कातळाचे सडे, आणि पार टोकाला एक चकचकीत रेघ. ती खाडी असेल की नुसतं ऊन, कुणाला ठाऊक. फळ्यावर मी ही नदी किती वेळा काढली असेन, तिला असा उतार आहे हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

उगम देवराईत होता. गाडी वाडीत लावून, पाखाडीच्या निसरड्या पायऱ्या उतरून, पायाला दोन जळवा लावून घेऊन आम्ही तिथं पोचलो. एका काळ्या खडकाच्या भेगेतून पाणी झिरपत होतं आणि खाली परातीएवढं डबकं साठलं होतं. बस. मी वाकून ओंजळभर पाणी प्यायले. थंडगार होतं, त्याला मुळांचा वास होता. आणि खरं सांगते, मला भरून आलं. भावाच्या पाठीवर हात ठेवून मी म्हणाले, "छान दाखवलंस हो." घड्याळात बघितलं, आम्ही फार मागं नव्हतो. क्षणभर मला वाटलं, जमेल याला.

तेवढ्यात तो म्हणाला, "वाईच देवळात जाऊन येऊ. धंदा सुरू करायचा, तर ग्रामदेवतेला सांगायला हवं."

सांगायला माझी ना नव्हती. नारळ ठेवायचा, हात जोडायचे, निघायचं. पण यानं गुरवाला आदल्या दिवशीच फोन करून ठेवला होता आणि बेत नुसत्या नारळाचा नव्हता, कौल लावायचा होता. देवाच्या पाषाणाला उजवीकडं एक आणि डावीकडं एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे वाट बघतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडं लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं असंच विचारतात. मीही विचारलेलं आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

गुरव सत्तरीचे, आवाज खणखणीत. ते डोळे मिटून सुरू झाले. "बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुजा लेकरू तुज्या पायाशी आलेला हाय. तुज्या ह्या नदीवर त्येना नवा उद्योग मांडलान हाय, त्यो करावा काय, आनि त्येला त्या आखातातनं जो बोलावना आलेला हाय, तिकडं त्येनं जावं काय, त्येचा काय त्यो निवाडा तू कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भाऊ, आमचे हे आणि देवळात बसलेली दोनचार माणसं एकसुरात म्हणाली.

मी म्हणाले नाही. मला काहीतरी खटकलं होतं, पण काय ते ध्यानात यायला वेळ लागला.

पाकळ्या पडेनात. हवा ओली, दगड ओला, त्या कशाला पडताहेत? आम्ही बसलो. गुरवांनी एकदा पुन्हा हाळी घातली. आमच्या यांना शिंक आली आणि ती त्यांनी नाक दाबून परतवली. मी घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले. शेवटी एक पाकळी सुटली आणि दगडावरून घसरत खाली आली.

"डावी," गुरव म्हणाले.

"म्हणजे?" भावानं विचारलं.

"म्हंजे नको."

"काय नको?" मी विचारलं.

गुरवांनी माझ्याकडं बघितलं, पाकळीकडं बघितलं, मग भावाकडं बघितलं. धंदा नको की नोकरी नको? देवानं सरळ उत्तर दिलं होतं, विचारणाऱ्यांनीच दोन प्रश्न एका गाऱ्हाण्यात कोंबले होते. "दोन इचारलाव काय आपन?" गुरव हळूच म्हणाले. मी म्हटलं, हो, दोन विचारलेत, आता एकेक करून विचारा. तर ते मान हलवायला लागले. "आज फिरून लावता येत नाय, बाय. देवाला काय परत परत इचारतात?"

माझ्या वर्गात मी पोरांना घसा सुकेस्तोवर सांगायची, प्रश्न नीट वाचा, प्रश्नाला क्रमांक घाला. इथं एका माणसाचं आयुष्य टांगणीला लागलेलं आणि प्रश्नाला क्रमांक नाही! मी देवासमोर होते म्हणून गप्प बसले. बाहेर आल्यावर बसले नाही. पाखाडी चढून गाडीपर्यंत येईतो मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. भाऊ खाली मान घालून ऐकत होता, आणि आमचे हे मागून म्हणत होते, "अगं, दम लागेल तुला."

घाटाखाली मोबाइलला रेंज आली आणि तिथंच दिवसाची माती झाली. भावानं साखरप्याजवळ राहणाऱ्या मामीला फोन लावला. चहाला तिच्याकडं थांबायचं, हे कागदावर छापलेलंच होतं. "मामी, आलोच. हो, कौल लावला. डावी पडली. पण दोन गोष्टी विचारल्या ना एकदम..." मी मागच्या सीटवरून "नको सांगूस, नको सांगूस" म्हणत होते. सांगून झालं होतं.

मामीच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा तिथं मामी तर होतीच, तिच्या दोन जावाही होत्या आणि वाडीतली निम्मी माणसं होती. घावणे तयार होते, नारळाचा रस तयार होता, आणि प्रत्येकाचं मतही तयार होतं. मामी म्हणाली, "सरळ हाय की! देव सांगतोय, परदेशी जाऊ नको." तिची मोठी जाऊ म्हणाली, "तसा कसा? त्यानं आधी धंद्याचा इचारलान. पयल्या प्रश्नाचा पयला उत्तर." धाकटी म्हणाली, दोन्ही नको असेल, देवाच्या मनात तिसरंच काहीतरी असेल. यावर तिघींचं जुंपलं. मी भावाला डोळ्यांनी खुणावत होते, ऊठ, ऊठ. तो उठला आणि शेजारच्या घरात गेला. कारण मामीकडं घावणे खाल्ले आणि शेजारी नुसतं पाणीही घेतलं नाही, तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. शेजारी गेल्यावर त्यांच्या शेजारीही जावं लागतं. आमचे हे प्रत्येक घरी मन लावून खात होते. नदी परसामागून वाहत होती. तिचा आवाज येत होता, दिसत नव्हती.

पुढं दाभोळ्याच्या अलीकडं एक माणूस रस्त्यात हात करून उभा. हा भावाचा आखातातला जोडीदार, दोघं एका खोलीत राहिलेले. त्याला बातमी आमच्या आधी पोचली होती. रस्त्यात उभ्या उभ्या कसं बोलणार, म्हणून घरी नेलं, सरबत झालं, फणसाचे तळलेले गरे झाले. त्याचं मत पक्कं होतं. "डावी म्हंजे धंदा नको. मी सांगतो तुला, परत चल. मीपण डिसेंबरात जातोय. हिथं काय ठेवलंय?" मला तो माणूस एकदम पटला. त्या दिवसात माझ्यासारखं सरळ 'जा' म्हणणारा तो पहिलाच. पण लगेच तो म्हणाला, "तसाच मलापन वायच लांज्यात सोडा ना. वाटेवरच हाय."

लांजा वाटेवर नाही. आंजणारीच्या पुलाखालून नदी पश्चिमेला जाते आणि लांजा राहतं दक्षिणेला. हे मी भूगोलाची बाई म्हणून सांगत नाही, तिथलं शेंबडं पोर सांगेल. मी सांगितलंही. भाऊ म्हणाला, "असं कसं, ताई? तो म्हणतोय तर." पुलावरून मला नदी दिसली. दोन्ही काठांना दाट झाडी, मधे काळे गुळगुळीत दगड आणि त्यातून पाणी असं काही उड्या मारत चाललेलं की उतरून पाय बुडवून बसावं. ती पुलाखालून निघून गेली आणि आम्ही लांज्याला गेलो. महामार्गाची धूळ खात, खड्डे चुकवत.

लांज्यात जोडीदार उतरला, औषधं घेऊन येतो म्हणाला, आणि त्याचा निरोप घेतल्याशिवाय निघायचं कसं म्हणून आम्ही थांबलो. शेजारच्या काजूच्या दुकानातून मालक बाहेर आला. आमची त्याची तोंडओळखही नव्हती. खिडकीत वाकून त्यानं भावाला विचारलं, "डावा कौल झालाय, तो तुम्हीच काय?"

तिथं माझा बांध फुटला. मी म्हटलं, "बस झालं. देवाची काही चूक नाही, तुझीच आहे. मला कौलबिल काही नको, मी तुला सकाळपासून बघतेय. तुझ्याच्यानं हा धंदा व्हायचा नाही. आज आम्ही आहोत म्हणून ठीक, उद्या पुण्यामुंबईचे लोक असतील, ते पैसे मोजून आलेले असतील, ते असं घरोघर घावणे खात फिरणार नाहीत. होडीची, भरतीची वेळ कधीच टळली. एजंटला फोन कर आणि हो म्हणून टाक."

त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. समोर बघतच म्हणाला, "ताई, सतरा वर्षं तिकडं मला कुणी चहाला हाक मारली नाय. खोली, बोट, खोली. आता इथं रस्त्यात उभं राहून लोक हाक मारतात, त्यांना काय नाय म्हणू?"

हे खरं होतं. आणि खरं होतं म्हणून मी आणखीच चिडले. खिडकीची काच वर केली आणि होडी जिथं लागली होती त्या हरचेरीच्या धक्क्यापर्यंत बाहेर बघत बसले. आमच्या यांनी तेवढ्यात काजू विकत घेतले होते. ते त्यांनी मला देऊ केले. मी घेतले नाहीत.

आता भरतीचं सांगते. आमच्याकडं किनाऱ्यावरच्या पोराला पाढ्यांबरोबर हेही येतं की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीया, म्हणजे सव्वादोन. भरती असताना होडीत बसायचं आणि पाणी उतरायला लागलं की त्याच्याबरोबर अलगद भाट्याला यायचं, असा भावाचा बेत होता. बेत अगदी बरोबर होता. फक्त आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती आणि काठाचा काळा चिखल हातभर उघडा पडला होता.

होडीवाले चाचा खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातले. ते होडीत पाय पसरून बसले होते आणि उठायची काही घाई त्यांना दिसली नाही. "दोनपासून बसलोय," ते म्हणाले. "पानी गेला सगला. सुकती लागली. कुठं नेऊ?"

"होडी हलकी आहे, चाचा, जाईल," भाऊ म्हणाला.

"होडी हलकी हाय. तुमी नाय," चाचा आमच्या यांच्या पोटाकडं बघत म्हणाले. तरी त्यांनी इंजीन सुरू केलं.

आणि ती खाडी! त्या दिवसात पहिल्यांदाच आम्ही नदीवर होतो, नदीच्या बाजूला नव्हतो. दोन्ही बाजूंना तिवरांची हिरवी भिंत, त्यांची मुळं उतरत्या पाण्यात उघडी पडलेली. मधेच एखादा बगळा, दूर कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यात जाळं फेकत होतं. वळण घेतलं की नदी आणखी रुंद व्हायची आणि वाऱ्याला मिठाचा वास यायला लागला. सोमेश्वर गाव मागं गेलं. सकाळी ओंजळीत धरलेलं पाणी ते हेच, असं मला वाटत राहिलं. भावाकडं बघितलं तर तो टोकाला उभा राहून समोर बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला त्याचा रागही धड करता येईना. हे सगळं जर त्यानं वेळेत दाखवलं असतं!

भाट्याचा पूल दिसायला लागला. पुलापलीकडं लाटांचा पांढरा पट्टा, किनाऱ्यावरची सुरूची झाडं, आणि अलीकडच्या काठावर एक चटई अंथरून बसलेली माझी भावजय, इतकं सगळं स्पष्ट दिसायला लागलं, आणि होडी थांबली. इंजीन घरघरलं, मागं काळं पाणी उसळलं, बुडाखाली गाळ लागला. चाचांनी इंजीन बंद केलं, विडी काढली आणि म्हणाले, "झाला. आता रातची भरती."

मला हसावं की रडावं कळेना. काठ पन्नास हातांवर होता. भावानं पँट वर केली आणि खाली उडी मारली. मांडीपर्यंत रुतला. होडीला खांदा लावून ढकलायला लागला. होडी हलली नाही. आमचे हे म्हणाले, "मी उतरू का?" चाचा आणि मी एकदमच "नको" म्हणालो.

तेवढ्यात भावाचा फोन वाजला. चिखलाच्या हातानं त्यानं तो खिशातून काढला. एजंट. "हो साहेब. हो. दहा मिनिटं द्या, सांगतो." ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. सूर्य पुलाच्या खाली गेला होता. पैज तो हरला होता, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. "ताई," तो म्हणाला, "तू म्हणतेस तेच बरोबर. हो सांगतो."

मी सकाळपासून हेच ऐकायला टपले होते आणि आता ऐकलं तर मला ते नकोसं वाटलं.

काठावर भावजय उठून उभी राहिली होती. खाडीवर आवाज लांब जातो, तिनं सगळं ऐकलं असणार. ती पाण्याच्या कडेपर्यंत आली. चारपासून तिथं बसलेली. झाकलेली पातेली चटईवर एका बाजूला.

"कौलाचं मलापन कळलं," ती ओरडली. "साखरप्याच्या मामींचा फोन आला. मग त्यांच्या जावेचा. मग लांज्यातनं कुणाचा तरी. सगळ्यांनी मला सांगितलं, देवाच्या मनात काय हाय ते."

"अगं, ऐक तरी..." भाऊ म्हणाला.

"तुमी ऐका! देवाला विचारलंत. मामींना विचारलंत. वन्संना विचारलंत. वाटेत भेटला त्याला विचारलंत." तिचा आवाज कापत होता, रागानं की कशानं ते तेवढ्या अंतरावरून कळेना. "मला विचारलंत?"

होडीत चाचांनी विडी विझवली. ती माझ्या समोर करंज्या वाढत होती, ताट उचलून आत गेली होती, आणि मला तेव्हा एवढंच वाटलं होतं की स्वयंपाक राहिला असेल. दोन दिवस मी माझं मत वाटत फिरत होते आणि हिला मत असेल, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. जिच्या नवऱ्याचा प्रश्न होता तिला.

भाऊ तसाच चिखलात उभा. होडीवरचा हात त्यानं काढला आणि तिच्याकडं वळला. "नाय विचारलं," तो म्हणाला. "आता विचारतो. जाऊ की राहू?"

यावेळी एकच प्रश्न होता. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"हा धंदा तुमच्याच्यानं व्हायचा नाय," ती म्हणाली. "मला पयल्या दिवसापासून ठाऊक हाय. दुसरं काय ते बघू. माझी आमसुलं हायत. सतरा वर्षं तुमी ठरल्या तारखेला आलात नि ठरल्या तारखेला गेलात, एक दिवस चुकला नाय. मला तसं वेळेवर येणारं माणूस नको. उशिरा या. पण रोज या."

आमच्या यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला, कारण सकाळपासूनची सगळी वादावादी, सगळे घावणे, सगळा लांजा फुकट गेला होता. हे एक वाक्य ऐकायला आम्हाला भाट्यातून हलायचीही गरज नव्हती.

भावानं एजंटला फोन लावला. "साहेब, नाय जमणार," एवढंच म्हणाला. पलीकडचा माणूस काहीतरी बोलत होता. हा ऐकून घेत होता, मान डोलवत होता, आणि मला धास्ती वाटली की हा आता त्यालाही हो म्हणतोय की काय. "नाय," तो पुन्हा म्हणाला. "नाय साहेब. नाय." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या तोंडून हा शब्द लागोपाठ तीनदा ऐकला. मग त्यानं फोन खिशात घातला, होडीला खांदा लावला आणि पुन्हा ढकलायला लागला. होडी हलली नाही. तेव्हा भावजयीनं साडी खोचली आणि पातेली डोक्यावर घेऊन ती चिखलात उतरली.